अक्काचा मेन स्विच

कम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात माणूस एवढा बेजार होतो की घरच्यांचं मशीन दिसलं तरी डोकं उठतं. त्यात अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, तिला नाही कसं म्हणायचं? भूकंपात गाव गेलं, तेव्हापासून लातुरात दोन खोल्यांत एकटी राहायची. ट्युशनवाल्यांचे पेपर मराठीत टाइप करून पोट भरायची. त्या सरांचे पेनड्राइव्ह म्हणजे व्हायरसची जत्रा. विंडोज घडीघडी बंद पडायचं. "आता पेपर उशिरा आला तर काम दुसऱ्याला देतो," असं सरांनी बजावलं, तेव्हा ती थेट माझ्या दुकानात आली.

म्हटलं, विंडोज काढून लिनक्स टाकू, त्याला हे व्हायरस लागत नाहीत, कटकट मिटेल. पण लिनक्सचे प्रकार उदंड, अक्काला झेपेल असं कोणतं? आधी मला आवडणारं टाकलं. दिसायला लई देखणं.

"खाली कोपऱ्यात काहीच न्हाई रे, सुरू कुठून करू?" ती म्हणाली.

मग कोपऱ्यात मेनू असलेलं साधं टाकलं. तिच्या सवयीचा, टाइपरायटरसारखा मराठी कीबोर्डही बसवून दिला. अक्का खूश. पण थोड्याच दिवसांत काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पुढं काही हलेना. नीट केलं, पुन्हा तेच. तिसरं टाकलं, हार्ड डिस्क बदलली, तरी तेच. वैताग आला होता मला.

"अक्का, तुझ्या नादात माझं दुकान बुडून राहिलं," मी बोलून गेलो.

एका दुपारी दोघं बाजारात निघालो. कम्प्युटर चालूच होता. अक्कानं पिशवी घेतली आणि सरळ मेन स्विच खाली ओढला. चालू मशीनचा करंट असा तोडला की डिस्कवरच्या फायली बिघडतात. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं माझं.

"हे रोज करतीस?"

"हाव. करंट चालू ठेवून मी घर सोडत न्हाई."

ओरडणारच होतो, तेवढ्यात भूकंपाची पहाट आठवली. त्या पहाटे तिची पोर ढिगाऱ्याखालून आवाज देत होती. मातीत तारा जिवंत होत्या, म्हणून लोक कुणाला हात घालू देईनात. लाइट बंद होईपर्यंत आवाज थांबला होता. मी तिथंच होतो.

शटडाउन शिकवायला मग मी बसलोच नाही. एक छोटं, कुरूप लिनक्स होतं, मी त्याला आजवर हसायचो. ते पेनड्राइव्हवरून सगळं मेमरीत घेतं आणि तिथंच चालतं. लाइट गेली तरी त्याचं काही बिघडत नाही. टाइप केलेलं पेनड्राइव्हवर आपोआप सेव्ह होईल असं करून दिलं. पेपर वेळेवर जायला लागले, काम टिकलं.

"आता मेन पाडलं तर चालतंय?" तिनं विचारलं.

"चालतंय. पाड."

तिनं पाडलं. पंखा फिरत फिरत थांबला. मी चप्पल घालून बाहेर आलो. अक्का मात्र उंबऱ्यातच उभी राहिली, घर पुरतं गप झाल्यावर आतून कुणी आवाज देतंय का, असा कान देऊन. दुकानाची घाई होती मला. तरी थांबलो.