दम लागायच्या आत थांबायचं

विंझरच्या अलीकडं रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर एक बाई बसलेली दिसली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर-खाली होत होते. जानेवारीतली थंडी होती, नुकतंच उजाडत होतं. वेल्ह्याला शिबिर होतं, म्हणून मी भोरहून लवकर निघाले होते. स्कूटर थांबवली, तर त्या आमच्या संगीताताई.

संगीताताई आमच्या आरोग्य केंद्राच्या आशा. गावातल्या गरोदर बायका, लहान मुलं, लसी, सगळ्याची नोंद घरोघर फिरून ठेवायची, हे त्यांचं काम. वय चव्वेचाळीस, वजन ब्याण्णव किलो आणि लग्नाआधीपासूनचा दमा.

"ताई, काय झालं?"

"चाल... तीया. तुमी... सांगितलं..."

एकेका शब्दाला श्वास पुरत नव्हता. छातीतली शिट्टी मला उभ्या जागी ऐकू येत होती.

"पंप कुठंय?"

त्यांनी घराकडं हात केला.

मी त्यांच्या फोनवरून घरी फोन लावला. पाच मिनिटांत त्यांच्या जाऊ मंदाताई पंप घेऊन पळत आल्या. पंपाला लावायची प्लॅस्टिकची नळी, तिला स्पेसर म्हणतात, शिबिरात दाखवायला आणलेली माझ्या पिशवीत होती. त्यातून एका वेळी एक असे चार झटके दिले. ताईंना ताठ बसवलं, पदर आणि स्वेटर सैल केला. शिट्टी थोडी उतरली, पण बोलणं सुधारेना. मग येणारा पहिला टेम्पो थांबवला आणि त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथं औषधाची वाफ दिली. तासाभरानं त्या चहा मागायला लागल्या.

डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"भरभर चालायला कुणी सांगितलं यांना?"

"मी सांगितलं."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दहा दिवसांपूर्वी ताई गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. वजन बघून मी वजनवाल्या सगळ्यांना देते तोच कागद त्यांना दिला होता. रोज तीस मिनिटं भरभर चाला.

"दम्याचं विचारलं होतं?"

"विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कधीमधी लागतो."

"कधीमधी म्हणजे किती, ते विचारलं का?"

ते मी विचारलं नव्हतं.

दुपारी ताईंच्या खाटेपाशी बसून मी ते सगळं विचारलं. आठवड्यातल्या तीन-चार रात्री त्या खोकल्यानं उठून बसत होत्या. रोज घ्यायचा पंप दोन वर्षांपूर्वीच सोडलेला. "त्याची सवय लागती म्हनत्यात," असं त्या म्हणाल्या. गावभर औषधं वेळेवर घ्या म्हणून सांगणारी बाई हे सांगताना खाली बघत होती. दम लागला की घ्यायच्या नुसत्या निळ्या पंपावर त्यांचं चाललं होतं, आणि तोही बाहेर पडताना घरीच ठेवत होत्या.

"का हो?"

"लोक बघत्यात न्हवं. आशाबाईलाच दमा म्हनल्यावर आमचं कोन ऐकंल?"

अंधारात चालायला निघण्याचं कारणही तेच. जाडी बाई फिरायला निघाली म्हणून कुणी हसू नये. त्यामुळं पहाटेची थंडगार हवा, उपाशी पोट, चढाचा रस्ता आणि भरभर चाल, सगळं एकदमच झालं होतं.

डॉक्टर खाटेपाशी आले. "संगीताताई, वरची वस्ती दुसऱ्या आशाकडं देतो. तुम्ही खालचं गाव सांभाळा."

ताई उठून बसल्या. "न्हाई सायेब."

वरची वस्ती डोंगराच्या पठारावर आहे. शेरडं-मेंढरं, गुरं राखणारी नऊ घरं. रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही, चढून जायला चांगल्या माणसाला दीड तास लागतो. वर्षभर ताई तिथं गेल्या नव्हत्या. दूध घालायला खाली येणाऱ्या माणसांकडून निरोप आणि गोळ्या पाठवत होत्या. त्या वस्तीवरच्या रंजनाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला भर पावसात झोळीत घालून तिला खाली आणलं होतं, आणि मूल वाटेतच झालं होतं. या खेपेची तारीखही पावसातच येत होती.

"तिला पावसाआधी खाली आनायची हाय," ताई म्हणाल्या. "ती माझंच ऐकती. नवी बाई गेली तर ती दाराआड बसून ऱ्हाईल."

"पण तुम्ही वर जाणार कशा?" डॉक्टरांनी विचारलं.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं.

"एप्रिलमध्ये बघू," डॉक्टर म्हणाले. "तोवर चढायचं नाही."

सुरुवात व्यायामानं केलीच नाही. आधी औषध. डॉक्टरांनी रोजचा पंप परत सुरू केला, तो श्वासनळ्यांची सूज कमी करतो आणि त्याची सवय लागत नाही, हे दोनदा समजावलं. मी पंप घ्यायची पद्धत बघितली. ताई तो तोंडात दाबत आणि मग श्वास घेत, म्हणजे निम्मं औषध जिभेवर. स्पेसर लावला, हळू ओढायला शिकवलं, नंतर चूळ भरायला सांगितलं. एक छोटं मीटरही दिलं. त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वासनळ्या किती मोकळ्या आहेत ते कळतं. डॉक्टरांनी त्यावर हिरवी, पिवळी, लाल खूण करून दिली. हिरव्यात असेल तरच चालायचं. पिवळ्यात त्या दिवशी व्यायाम बंद. लाल आलं तर निळा पंप घेऊन सरळ दवाखाना.

तीन आठवडे गेले. ताई रात्रीच्या झोपायला लागल्या, तेव्हा मी त्यांना खुर्चीवरून उठबस करायला लावली. आठ वेळा. मग शाळेच्या सपाट मैदानावर चालणं, संध्याकाळी चारला, ऊन असताना. चालण्याच्या पाव तास आधी निळा पंप, तोही डॉक्टरांनी ठरवून दिलेला. पहिली पाच मिनिटं रमतगमत, मधली पाच जरा वेगानं, शेवटची पाच पुन्हा रमतगमत.

"एवढंच?" ताई म्हणाल्या. "ह्यानं काय वजन उतरनार?"

"वजनाचं नंतर बघू. आधी श्वास."

सोबतीला मंदाताई. त्यांना बोलायला फार लागतं, म्हणून मुद्दाम निवडल्या होत्या. चालताना जावेला पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे, हा नियम. उत्तर तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

पहिले चार दिवस लोकांनी बघितलं. पाचव्या दिवशी एकीनं विचारलं, तो पंप कसला? ताईंनी तिथंच मैदानात सांगितलं, कसा घ्यायचा तेही दाखवलं. पुढच्या आठवड्यात दोन बायका आपापले दडवलेले पंप घेऊन आरोग्य केंद्रात आल्या.

मार्चमध्ये अडलं. भाताची रोपं टाकण्याआधी शेतात पालापाचोळा पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. खोऱ्यात दिवसभर धूर कोंडला. मीटर पिवळ्यात आलं. ताईंनी आठ दिवस चालणं बंद ठेवलं, त्या घरातच राहिल्या, आणि चूल मंदाताईंनी सांभाळली. धूर निवळला तसं परत मैदान. एप्रिलच्या मध्यावर त्या न थांबता चाळीस मिनिटं चालत होत्या आणि शेवटी छोटा चढही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि वर जायला होकार दिला.

आम्ही तिघी सकाळी ऊन जरा वर आल्यावर निघालो. दर दहा मिनिटांनी थांबा. अर्ध्या वाटेवर एका झऱ्यापाशी बसलो. ताई छान बोलत होत्या. पण समोरच्या उतारावर कुणीतरी उशिराचा राब पेटवला होता, वारा आमच्याकडं होता. त्यांनी पिशवीतून मीटर काढलं, फुंकलं, बघितलं.

"मागारी जाऊया," त्या म्हणाल्या.

वर घरांचे पत्रे दिसत होते. माझ्या तोंडून निघालं, "ताई, थोडंच राहिलंय. हळूहळू जाऊ."

"न्हाई मॅडम. पिवळ्यात आलंय. तुमीच सांगितलंय."

त्यांनी निळा पंप घेतला, बसल्या, श्वास मोकळा झाल्यावर उतरायला लागल्या. मी त्यांच्या मागोमाग उतरले. जानेवारीसारखीच चूक मी पुन्हा करणार होते.

पंधरा दिवसांनी परत गेलो. हवा स्वच्छ, मीटर हिरव्यात. दीड तासाच्या वाटेला अडीच तास लागले. वस्तीवर पोचलो तेव्हा रंजना शेरडांना पाणी दाखवत होती. हातातली बादली तिनं खाली ठेवली.

"ताई, तुमी? ह्या जिवानं चढून आला?"

"व्हय. तुला न्ह्यायला."

"खाली कुनाकडं ऱ्हाऊ? हितं शेरडं कोन बघंल? आन उतरताना काय झालं मंजी?"

"दर दहा मिंटाला बसायचं. म्या तशीच आले. लई घाई केली असती तर हितं दिसलेच नसते."

रंजनाची सासू दारात उभी होती. तिनं ताईंना पाणी दिलं, त्या दम खाऊन मग सावकाश पाणी पितात ते बघत राहिली आणि म्हणाली, "जा गं. शेरडं म्या बघते."

पाऊस लागायच्या आत रंजना विंझरला मावशीकडं येऊन राहिली. तिला तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, व्यवस्थित. डॉक्टरांनी वरची वस्ती ताईंकडंच ठेवली, फक्त पावसाळ्याचे महिने शेजारच्या आशाची जोड दिली.

संगीताताईंचं वजन आजवर चार किलो उतरलंय. दमा आहेच, रोजचा पंपही आहे. बघणाऱ्याला फरक दिसायचा नाही. माझ्या कामात मात्र एक फरक पडलाय. आधी मी लोकांना किती चालायचं तेवढंच सांगत असे. आता कुठून परत फिरायचं ते आधी सांगते, आणि ते पटलं की मगच चालायला लावते.