सहावी डिस्क

नव्या सर्व्हरमधल्या, डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरने हिशेब करून आकडा दाखवला: ९० जीबी. सर्व्हर बसवण्याचे काम माझे; मी लेखी कळवले होते १८०.

"देशपांडेजी, आधा कहाँ गया?" तनेजांनी विचारले. ते मानेसरच्या त्या ऑटो पार्ट्स कारखान्याचे कॉम्प्युटर मॅनेजर. कारखान्याची सगळी ड्रॉइंग, १२० जीबी, जुन्या सर्व्हरवर होती आणि तो त्या आठवड्यात दोनदा बंद पडला होता. बॅकअपच्या टेप वाचल्या जात नव्हत्या. ड्रॉइंग गेली असती तर तनेजांची नोकरीही गेली असती. बाहेर मात्र शेजारच्या भंगाराच्या खोलीवर उद्घाटनासाठी 'डेटा सेंटर' अशी पाटी लागली होती आणि कुणीतरी झेंडूच्या माळा चढवत होते.

डिस्कची 'रेड' मांडणी म्हणजे अनेक डिस्क मिळून एक असल्याचे भासवणे. आमच्या प्रकारात एका डिस्कइतकी जागा राखीव जाते, म्हणजे एखादी डिस्क मेली तरी माहिती वाचते. ३६ जीबीच्या सहा डिस्क घेतल्या, तर वापरायला पाचांची जागा उरते, १८०. पण कंट्रोलर प्रत्येक डिस्कमधून सारखाच वाटा घेतो, आणि तो वाटा ठरतो सगळ्यात लहान डिस्कवरून.

१८ गुणिले ५, नव्वद. मी डिस्कचे ट्रे ओढून पाहिले. सहावी डिस्क १८ ची होती, जुनी, धूळ खाल्लेली. डिस्क कारखान्याच्या स्टोअर्सने बसवल्या होत्या. मी नुसते सहा हिरवे दिवे मोजले होते.

खरी सहावी डिस्क क्वालिटी विभागाच्या कपाटात निघाली. लाखेचे सील, तीन सह्या.

"सॅम्पल है," क्वालिटीचे त्यागी म्हणाले. "हर लॉट का एक पीस रखते हैं. बोल्ट हो या बेअरिंग."

"त्यागीजी, कुल छह ही तो थे."

"तो छह का लॉट हुआ ना. आपकी जगह खाली थोडे ही छोडी? स्टोअर्स से पुरानी लगवा दी. फिट भी आ गयी."

सील तोडायला प्लांट हेडची सही लागत होती. ते उद्घाटनासाठी एमडींना आणायला विमानतळावर गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

तनेजांनी खिशातून किल्ली काढली. मग म्हणाले, "नौकरी दोनों तरफ से जा रही है, यार. इधर से जाए," आणि किल्लीच्या टोकाने लाख उडवली.

मी मांडणी पुसून पुन्हा केली. १८०. ड्रॉइंग उतरायला सुरुवात झाली तेव्हा शेजारी फीत कापली जात होती. एमडींनी विचारले, "छह डिस्क में दो सौ सोलह क्यों नहीं?" आणि उत्तरासाठी न थांबता ते फोटोकडे वळले.

तनेजांना सील तोडल्याबद्दल मेमो मिळाला. जुना सर्व्हर पुढच्या आठवड्यात कायमचा बंद पडला. त्याची कुठेच नोंद झाली नाही, कारण कुणाचे काही अडले नाही.

तेव्हापासून मी दिवे मोजत नाही. प्रत्येक ट्रे बाहेर ओढतो आणि लेबल वाचतो.