बॅगांपाशी कोण बसणार?

युरोपातली सगळी शहरं मी आईच्या पद्धतीने पाहिली. आईने तोवर महाराष्ट्राची हद्दही ओलांडलेली नव्हती, पण त्यामुळे पद्धतीचं काही बिघडत नाही.

आई पुण्याजवळच्या धायरीतून बायकांच्या सहली काढते. मी शाळेत होते तेव्हापासून काढते आहे. फाट्यावर पहाटे बस उभी राहते आणि वाई, भीमाशंकर, जेजुरी, कधी मुक्कामाचं वेरूळ असं करून येते. आमच्या भागात तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. सगळ्यांसाठी ती 'सहलवाल्या वहिनी'. तिचे नियम पक्के आहेत. बायकांना बसची वेळ सांगायची ती अर्धा तास अलीकडची. प्रत्येकीला दिवसभरासाठी एक नंबर द्यायचा, आणि बस हलण्याआधी जिने तिने तो मोठ्याने म्हणायचा. 'एक' हा नंबर नेहमी सगळ्यात उशिरा येणारीला. म्हणजे ती आल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही आणि अख्खी बस तिची वाट बघत बसते. ही युक्ती मला अजूनही अप्रतिम वाटते. आईला स्वतःला नंबर नसतो. मोजणाऱ्याला कसला नंबर, असं तिचं म्हणणं.

एक नियम मात्र तिने कधी कुणाला सांगितला नाही. देवळाच्या किंवा लेण्यांच्या दाराशी आलं की सगळ्यांच्या चपला, पिशव्या, डबे तिच्यापाशी. ती सावली बघून सतरंजी टाकते आणि बसते. कुणी म्हणालंच, "अहो, तुम्हीपण चला ना," तर म्हणते, "मी पाहिलंय. या तुम्ही जाऊन."

तिने पाहिलेलं नसतं. परतीच्या वाटेवर बायका तिला सांगतात. "वहिनी, आत लय गारवा हाय." "त्या हत्तीची सोंड किती नाजूक कोरली आहे हो." आई प्रत्येकीला विचारते, "मग पुढे?" तीच सोंड चौथी बाई सांगत असली तरी हिचं 'मग पुढे?' तितकंच ताजं. वेरूळ तिला असं तोंडपाठ आहे की, तिथे बसून पिशव्या राखणाऱ्या बाईला एवढं कसं माहीत, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

मी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या एका लहानशा गावात गेले. एक ते चार दुकानं बंद ठेवतात म्हणून पुणेकरांना हिणवणाऱ्यांनी त्या गावातला रविवार एकदा अनुभवावा. रस्त्यावर कबुतरंसुद्धा दबकून चालायची. शनिवारी सकाळी गाव सोडायचं आणि रविवारी रात्री परतायचं, हा त्यावर आमच्या वर्गातल्या मुलांनी काढलेला उपाय. सगळ्यांना जायचं होतं, ठरवायचं कुणालाच नव्हतं. मी म्हटलं, मी ठरवते. हे आमच्या घरात आहेच.

पहिली सहल ब्रसेल्सची. मी आईच्या शिस्तीने सगळ्यांना अर्धा तास अलीकडची वेळ दिली आणि स्वतः खऱ्या वेळेला आरामात स्टेशनवर गेले. फलाटावर आमच्यातला जर्मन मुलगा एकटाच उभा होता. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं. मी दिलेल्या वेळेला तो आला होता, आणि तेव्हापासून तसाच उभा होता. गाडी रद्द झाली आहे का, असं त्याने मला फार सभ्यपणे विचारलं. वेळ सांगितल्यावर त्या वेळेला येणारं माणूस असू शकतं, ही शक्यता आमच्या घराण्यात कुणी विचारातच घेतली नव्हती. मी रात्री फोनवर आईला सांगितलं. ती जराही विचार न करता म्हणाली, "त्याला खरी वेळ सांगत जा. बाकीच्यांना सांगू नकोस." बाकीचे अर्थात खऱ्या वेळेलाच धापा टाकत आले होते, आणि सगळ्यात शेवटी आमची स्पॅनिश मैत्रीण. तिला तिथल्या तिथे 'एक' हा नंबर मिळाला.

ब्रसेल्सला पोचल्यावर एका मोठ्या संग्रहालयाच्या दारात मी सवयीने कठडा शोधला, सगळ्यांच्या सॅक गोळा केल्या आणि बसले. "या तुम्ही जाऊन," म्हटलं. सगळे आत गेले, पण स्पॅनिश मैत्रीण थांबली. "आणि तू केव्हा बघणार?" असं तिने विचारलं. 'मी पाहिलंय' हे माझ्या ओठांवर आलं होतं. ब्रसेल्समध्ये येऊन मला जेमतेम तासभर झाला होता.

तिच्याकडे बघता बघता मला आईची सतरंजी दिसायला लागली. त्या दिवसापासून मी पद्धतीत एकच सुधारणा केली: बॅगांपाशी पाळीपाळीने बसायचं. बाकी सगळं धायरीचं. खिडकीच्या जागेची अदलाबदल, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि नंबर मराठीतूनच. प्रागच्या चौकात, स्ट्रासबुर्गच्या पुलावर आमची मोजणी चालायची आणि येणारेजाणारे थबकून बघायचे. स्पॅनिश मैत्रिणीचं 'एक' इतकं खणखणीत होतं की आमच्या फाट्यावरच्या बायकांनी तिला आपल्यात घेतलं असतं. दुसऱ्या वर्षी तर दुसऱ्या विभागांतली मुलं विचारायला यायची, पुढच्या शनिवारी जागा आहे का. मी 'बघते, सांगते' म्हणायचे, अगदी आईसारखं तोंड करून. मला याचा अभिमान होता आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

पदवीच्या समारंभाला आई आली. 'घर कोण बघणार' म्हणून बाबा आले नाहीत. समारंभ होताच मी ठरवून टाकलं की हिला एक तरी जागा हिच्या स्वतःच्या डोळ्यांनी, रिकाम्या हातांनी दाखवायची. कोलोनचं मोठं चर्च, आणि नुसतं आतून नाही, तर मनोऱ्याच्या वर नेऊन. एवढं एक झालं नसतं तर माझी दोन वर्षांची सगळी शहरं मला अर्धवट वाटली असती. आमच्या टोळीतले तिघं बरोबर निघाले. आईला मी गाडीची वेळ अर्धा तास अलीकडची सांगितली. ती चप्पल घालत म्हणाली, "खरी वेळ सांग."

कोलोनच्या स्टेशनात सामान ठेवायचं एक यंत्र आहे. जर्मन मुलाने तिची चाकाची बॅग त्यात ठेवली, दार बंद झालं आणि बॅग जमिनीखाली निघून गेली.

"गेली?" आई म्हणाली.

"परत येते."

"असं कोण म्हणतं?"

यानंतर तिने हातातल्या पिशवीला आणि पर्सला कुणालाही हात लावू दिला नाही. पिशवीत दशम्या होत्या, चटणी होती. चर्च स्टेशनच्या बाहेरच उभं आहे. तिने मान मागे टाकून वरपर्यंत पाहिलं, मग पायऱ्यांवर ऊन नसलेली जागा शोधली आणि बसली.

"या तुम्ही जाऊन. मी पाहिलंय."

"कुठे पाहिलंस?"

"तू फोटो पाठवला होतास."

जर्मन मुलगा म्हणाला, आज त्याची पाळी आहे, तो बसेल. मी ते आईला सांगितलं. "मुलगा गुणी आहे," ती हळूच म्हणाली, "पण त्याला काय माहीत?" गुडघे दुखतात, असंही म्हणून झालं. मी तिच्या शेजारी बसले आणि पिशवी माझ्या बाजूला ओढून घेतली.

"मी बसते. तू जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मधेच उठायचं नाही."

"नाही."

"फोनमध्ये डोकं घालायचं नाही."

"नाही गं."

मग तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली. तिची पर्स मी त्याआधी कधी धरलेली नव्हती. कुणीच धरलेली नव्हती. पदवीचा कागद हातात घेताना माझी मान जेवढी ताठ झाली नसेल तेवढी तेव्हा झाली.

निघण्याआधी मोजणी झाली. एक, दोन, तीन, आणि मग गप्प. आई नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे बघत मोजत होती.

"आई, तुझा चार."

"माझा कसला?"

"तूही चालली आहेस ना?"

ती लाजली. "चार," पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. बसमध्ये ती असंच म्हणते.

"चार," ती खणखणीत म्हणाली, आणि हात मोकळे सोडून त्यांच्याबरोबर गेली.

मी पिशवी राखत बसले. बराच वेळ गेला. तिच्या गुडघ्यांची काळजी वाटली, पण उठले नाही. शब्द दिला होता. शेवटी ते खाली आले. आई सगळ्यांच्या पुढे होती. चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते, आणि स्पॅनिश मैत्रिणीने तिचा हात धरलेला होता की तिने मैत्रिणीचा, ते सांगता येत नव्हतं. ती पाणी प्यायली आणि माझ्याजवळ टेकली. पिशवीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"अगं, जिना नुसता गोल गोल," ती म्हणाली. "चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर. भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मग मधे एक घंटा आहे. केवढी मोठी म्हणून सांगू."

ती घंटा मी तीनदा पाहिली होती.

"मग पुढे?" मी विचारलं.