बसमधले उखाणे

पनवेलची माणसं परदेशात फिरायला निघतात तेव्हा निम्मं पनवेल बॅगेत भरूनच निघतात. त्या दिवाळीच्या सुट्टीत स्वित्झर्लंडमध्ये फिरणाऱ्या आमच्या बसमध्ये चकल्या होत्या, तीन तऱ्हेचे चिवडे होते, आणि कळंबोलीच्या एका वहिनींनी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, चटणी आणली होती. डबा उघडला की वास थेट ड्रायव्हरपर्यंत जायचा. तो गोरा बिचारा खिडकी उघडायचा आणि आमची माणसं पोळी घेऊन वहिनींकडे धावायची. टूर आमच्याच गावातल्या एका लहानशा कंपनीची होती. चाळीस माणसं, त्यातली बरीचशी एकमेकांना एरवी भाजीबाजारात भेटणारी. आता फोटो काढून बसले की कुठला डोंगर कुठला ते आठवत नाही, पण कोणाच्या मांडीवर कुठला डबा होता ते अजून सांगता येईल. फार मजेचे दिवस होते ते. मीच त्यातले दोन नासवले.

मी आईला घेऊन गेले होते. नवऱ्याला रजा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला आईलाच न्यायचं होतं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर ती जासईजवळचं आमचं गाव सोडून माझ्याकडे पनवेलला राहायला आली. जन्मभर या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल असं बोलणारी बाई माझ्या फ्लॅटमध्ये हळूहळू गप्प होत गेली. विचारलं तर उत्तर द्यायची, पण आपणहून काही नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी म्हटलं, हवापालट करू. सगळ्यावर आपल्याकडे उपाय आहे असं वाटणं हा माझा जुना रोग आहे.

बसमध्येही मी दोन दिवसांत पुढारी झाले. मुलगी झाली पुढारी म्हणून आई पहिले दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी लांबचा पल्ला होता. जेवून लोक पेंगायला लागले, तेव्हा आमच्या टूर मॅनेजर बाई म्हणाल्या, "चला, बायकांनी आता उखाणे घ्यायचे!" माईक आधी माझ्याकडे आला. लग्नात पाठ केलेला एकुलता एक उखाणा मी ठोकून दिला. टाळ्या झाल्या. मग मीच माईक घेऊन सीटांमधून निघाले. कोणी लाजलं, कोणी "इश्श" म्हटलं, पण घेतलं प्रत्येकीनं. आमच्या सीटपाशी आले तेव्हा आईनं पदर सावरला आणि ती जराशी पुढे सरकून बसली. मी माईक तिच्या डोक्यावरून मागे बसलेल्या चटणीवाल्या वहिनींना दिला.

चुकून नाही, मुद्दाम दिला. नवरा गेलेल्या बाईला चारचौघांत नाव घ्यायला लावून कशाला दुखवायचं, असा मी विचार केला. आपण किती समजूतदार, असंही वाटलं. आता आई नाही, म्हणून एवढं तरी कबूल करायचा धीर होतो.

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डोंगराखाली बस थांबली, सगळे कोट चढवून लहान मुलांसारखे उड्या मारत उतरले, पण आई जागची हलली नाही. "तुमी जा. मी बगते गारीन बसून." मी चिडले. दिवसभर मीही तिच्याशी तुटकच वागले. त्याच्या पुढच्या सकाळी हॉटेलच्या खोलीत ती मोजे घालत होती, तेव्हा मला राहवलं नाही.

"आई, कोणी काही बोललं का तुला?"

"मना कोन बोलनार?" ती मोज्याकडे बघत म्हणाली. "सगल्या बायकांना तू नाव घ्याला लावलास. मनाच वगललास."

"अगं, बाबा नाहीत म्हणून मी..."

"ते गेले, मना ठाव हाय. त्यांचा नाव पन गेला काय?"

मी खाली बसले. आमच्या गावात बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. आईनं सारा संसार "अवो" वर केला. पोस्टमननं नाव विचारलं तरी ती मला पुढे करायची आणि मी सांगायचे. नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारायची मुभा एकाच ठिकाणी, उखाण्यात. आणि उखाण्यात आईचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. हळदीकुंकू असो, पूजा असो, बायका तिला पुन्हा पुन्हा घ्यायला लावायच्या. वडील गेले आणि तिला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. नाव घे म्हणणारं कोणी उरलं नाही. म्हणजे चार वर्षांत ते नाव तिच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. ती एवढी गप्प का झाली, हे मी डॉक्टरला विचारत होते.

बस सुटल्यावर मी मॅनेजर बाईंकडून माईक मागून घेतला आणि आईच्या हातात दिला. वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "राहू दे गं, कशाला त्यांना..." आईनं मान वळवून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग उभी राहिली.

"बरफाचा डोंगर बगला गारीन बसून," ती म्हणाली, पुढे वडिलांचं नाव, आडनावासकट, आणि "यांचा नाव घेते आज डोले पुसून."

आवाज तोच, बांधावरचा. तिला माईकची गरजच नव्हती. पहिली टाळी वहिनींनी वाजवली, मग सगळी बस वाजवायला लागली. मला रडू आवरेना. आई मात्र हसत होती.

"आजून येक घेऊ?" तिनं विचारलं.

मग तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. भातावरचा घेतला, मिठागरावरचा घेतला, ड्रायव्हरवरही एक रचला. सातव्याला सुरुवात केली आणि मध्येच अडली. ओठ हलले, पण यमक काही जुळेना. लोक वाट बघत होते. मी म्हटलं, "राहू दे आई, बस आता." तिनं मान हलवली, खिडकीबाहेर बघितलं, आणि नुसतं नाव घेतलं. आडनाव नाही, यमक नाही. शेतावरच्या माणसाला जेवायला हाक मारावी, तसं.