खालून रस्ता जातो

झाडाखाली असो, चावडीत असो की आमच्या शाळेच्या पडवीत, डोंगरातले म्हातारे धनगर, ज्यांना सगळे बाबा म्हणत, बसण्याआधी मान मागे टाकून वर बघून घ्यायचे. मग घोंगडी टाकायचे. मी वेल्ह्याला मास्तर म्हणून नवा होतो तेव्हा मला वाटलं, म्हातारा शाळेची कौलं तपासतोय. कौलं गळकी होती, त्यामुळे मला रागही आला.

त्यांचा धनगरवाडा तोरण्याच्या पलीकडे, कोकणात उतरणाऱ्या खिंडीच्या माथ्यावर होता. बाजाराच्या दिवशी लोणी घेऊन ते खाली यायचे. वाघरू पाणवठ्याच्या वरच्या अंगाला दबा धरून बसतं, म्हणून एकाने आधी दरडीवर चढून हाळी द्यायची आणि मगच गुरं पाण्यावर सोडायची, ही त्यांच्याकडची रीत. "वर कोण हाय ते आदी बगावं," हे त्यांचं पालुपद. कुणाच्या पोरीची सोयरीक निघाली तरी हेच. तिथे त्याचा अर्थ, सासू कशी आहे ते बघा. असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. सगळ्या जगाला एकच माप लावणारा.

दुसरं महायुद्ध पेटलं आणि नसरापूरला भरतीवाले आले. बाबांचा थोरला मुलगा उभा राहिला. त्याला मोटारीची हौस. बंदरात माल वाहणाऱ्या मोटारींवर माणसं हवीच होती आणि त्याचं नाव तिकडे लागतही होतं. तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "त्याला डोंगरात घाला, सायेब. सपाटीला माणूस उघडा पडतो. डोंगर पोराला झाकंल." साहेबाला काय, पायदळाला माणूस हवाच होता. पोराची चांगली सोय लावून आल्यासारखे बाबा मला हे सांगत होते. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

बाजाराच्या दिवशी मी पडवीत पुण्याचं शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. मुलाची पलटण इटलीत उतरल्याचं कळलं, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की तिथे डोंगर आहेत का. भरपूर आहेत म्हटल्यावर त्यांनी खुशीने लोण्याचा गोळा माझ्यापुढे ठेवला आणि काही केल्या परत घेतला नाही.

पण पुढच्या बातम्या सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. फौज नदी ओलांडून टेकडीखाली थांबली. फौजेने टेकडी घेतली. फौज पुढच्या नदीशी पोचली. एके दिवशी बाबांनी तो देश बघायला मागितला. मी युरोपचा नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर पसरला आणि मास्तरकीच्या भरात समजावू लागलो. लांबट, चिंचोळा देश. दोन्ही अंगांना समुद्र, मधोमध डोंगराची रांग. तिच्यातून नद्या आडव्या उतरतात. वर सरकायचं तर खोऱ्यामागून खोरं ओलांडायचं आणि दर खोऱ्याच्या डोक्यावर एक टेकडी.

बाबांनी त्या तपकिरी रांगेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी आपली पोरं खालनं चढत्यात."

"हो."

"आन वर ते आदीच बसल्यात." मी मान हलवली. "त्या टेकडीत हाय तरी काय, मास्तर? कशापायी पायजे ती?"

"टेकडीत काही नाही, बाबा. खालून रस्ता जातो."

याहून जास्त सांगावं लागलं नाही. ज्याचा जन्म तोरण्याच्या सावलीत गेला, त्याला गड का बांधतात हे काय शिकवायचं? राजे बदलले, तोफा बदलल्या, घाटाची वाट धरायला वरचा कडाच लागतो. बाबा खाली बघत म्हणाले, "म्याच सांगितलं, डोंगरात घाला." कोणाला कुठे धाडायचं ते सरकार ठरवतं, तुमच्या सांगण्याने नाही, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घोंगडी झटकून निघाले.

भातकापणीच्या दिवसांत तार आली. पाटलांनी वाचायला मला बोलावलं. थोरला लढाईत पडल्याचं मी वाचून दाखवलं; बाबा कोरड्या डोळ्यांनी उभे. "चढताना पडला, का वर पोचून?" त्यांनी विचारलं. तारेत तेवढं नव्हतं. तसं त्यांना सांगावं लागलं, त्याचं दुःख मला अजून होतं.

लढाई संपली. पुढे वर्षभराने खिंडीत मोजणीदार आले, साखळ्या ओढून लाल निशाणं लावून गेले. कोकणात मोटाररस्ता उतरवायचा घाट होता. वेल्ह्यात आनंदीआनंद. मीठ येणार, सुकट येणार, आजारी माणूस डोलीतून न्यायला नको. बाबा बाजाराला आले तेव्हा मीही हौसेने म्हणालो, की आता तुमचं लोणी मोटारीतून जाईल.

"वाड्याच्या खालनंच जाणार व्हय रस्ता?"

"अगदी खालून."

"धाकटा पोरगा आता भरतीच्या वयाचा झालाय," ते म्हणाले आणि लोण्याचं मडकं न विकताच उचलून घेऊन गेले.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मी सुट्टीत खिंड चढून गेलो. झोपड्यांवरचा गवताचा शाकार उतरवला होता. दावणीचे खुंट उपटून नेले होते, त्यांच्या जागी खड्डे. वाटेत भेटलेल्या गुराख्याने सांगितलं, की म्हातारा धाकट्याला आणि गुरांना घेऊन आत गेला, जिथे माणसाची वाट नाही तिथे.

तो रस्ता काही झाला नाही. दोन पावसाळ्यांत निशाणं कुजून गेली. बाबांना हे कळवावं म्हणून मी दर बाजाराला डोंगरातल्या माणसांकडे चौकशी करत राहिलो. पण ते कुठे आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.