गॅरेजात गार, रस्त्यावर गरम

"गॅस भर आणि गाडी बाहेर काढ," मालक म्हणाले.

"गॅस भरलेलाच आहे."

"मग अजून भर."

या 'अजून भर'वर आमच्या धंद्याचा निम्मा डोलारा उभा आहे, आणि मी त्याचा जाहीर निषेध करतो. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तो नुसता फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळत नसेल तर भरायचा कशाला? पण भर मे महिन्यात घामाघूम गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? नळी लावली, फुस्स आवाज केला, गिऱ्हाईक खूश.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दिवसा सचिन या कारखान्यांच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गॅरेजात एसीचं काम करायचो, आणि सुट्टीच्या दिवशी लिंबायतमध्ये ड्रायव्हर-मेकॅनिक मंडळाची पत्रकं लिहायचो. त्यामुळे दोन्हीकडे माझा आवाज जरा चढाच असायचा.

समोरची पांढरी गाडी साड्यांचे व्यापारी रमणिकशेठ यांची होती. ती घेऊन आले होते त्यांचे ड्रायव्हर सुकलाल आबा. आमच्याच गल्लीतले, मूळचे अमळनेरकडचे; बोलणंही तिकडचंच. गाडीची ही तिसरी खेप. तक्रार एकच: रस्त्यावर एसी अर्ध्या तासात गरम वारा फेकतो. आणि गॅरेजात? गॅरेजात दात वाजतील इतका गार.

पहिल्या खेपेला मी गेज लावून प्रेशर बघितलं. बरोबर. दुसऱ्या खेपेला साबणाचा फेस लावून सगळे जॉइंट तपासले, बेल्ट बघितला, कंडेन्सर धुतला. कंडेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे बसवलेली नळ्यांची चौकट. आतली उष्णता गॅस इथे आणून बाहेरच्या वाऱ्यात टाकतो. त्याला वारा मिळाला नाही की सगळं मुसळ केरात. पण कंडेन्सर लख्ख होता. मी स्वतः गाडी कामरेजपर्यंत पळवून आणली. गार!

"भो, काहीतरी कर," आबा हळूच म्हणाले. "परवा मुंबईहून वेवाई, शेठचे व्याही, येणार. शेठ म्हणे, गाडी गरम निघाली तर शनिवारपासून येऊ नको."

"तुमचा काय संबंध?"

"ते म्हणतात, मी दुपारी लिंबाखाली गाडी उभी करतो अन् एसी लावून झोपतो. म्हणून गॅस संपतो."

"झोपता?"

"मी झोपस ना. काच उघडी करीसन झोपस. एसीनं मना गुडघा दुखस."

माझं डोकं फिरलं. गुडघेदुखीच्या माणसावर एसी चोरल्याचा आरोप! मी त्याच दिवशी पत्रकाचा मथळा लिहून टाकला: 'एसी शेठचा, घाम ड्रायव्हरचा!' दुसऱ्या दिवशी छापखान्यातून प्रूफही आलं.

त्याच दुपारी आबा शेठना आणायला सचिनमधल्या त्यांच्या कापडाच्या युनिटवर निघाले, तेव्हा मी गेज जोडूनच गाडीत बसलो. नळ्या बॉनेटच्या फटीतून बाहेर काढल्या, खिडकीतून आत घेतल्या आणि डायल मांडीवर ठेवला. मालक म्हणाले, "पेशंटला सलाइन लावून कुठे निघालास?" मी आबांना निघायची खूण केली.

रस्ताभर प्रेशरचा काटा दोनशेच्या जरा वर, जागचा हलला नाही. गाडी गार. युनिटच्या अलीकडे आबांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. डिकी उघडल्याचा आवाज आला. मग ते पुढे वाकून काहीतरी करत होते. मला वाटलं, शेठ बसणार म्हणून दिवे पुसत असतील. मी प्रुफातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो.

शेठ बसले. मला बघून म्हणाले, "आ कोण?"

"एसीवाला."

"तो ठंडू कर ने!"

गाडी निघाली. काटा अडीचशेवर गेला. मग पावणेतीनशे. इंजिनच्या टेंपरेचरचा काटाही चढायला लागला. प्रेशर तीनशेच्या पुढे गेलं आणि टक! प्रेशर फार चढलं की नळ्या फुटू नयेत म्हणून एक स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. तो पडला. गरम वारा सुरू.

"जुओ!" मागून शेठ ओरडले. "बघा! अने आ माणस कहे छे, मी एसी लावून झोपत नाही!"

"थांबवा गाडी," मी म्हणालो.

उतरलो, पुढे गेलो आणि तिथेच उभा राहिलो. एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत गाडीचं तोंड लाल चुंदडीनं झाकलेलं. देवीची चुंदडी, देवीला वाहतात ती ओढणी. एक नाही, एकावर एक पाच! गाडी पळताना वाऱ्यानं त्या जाळीला घट्ट चिकटत होत्या. कंडेन्सरला श्वास घ्यायला जागाच नव्हती.

"आबा, हे गॅरेजात का नव्हतं?"

"कसं राहील?" आबा चकित झाले. "देवीनी चुंदडी शे. तिले तुना ऑइलना हात लागू देऊ का? गॅरेजात येण्याआधी सोडस, घडी करीसन डिकीत ठेवस. काम झालं की परत बांधस."

म्हणजे आजारी गाडी तीन खेपा आबा बरी करून आणत होते, आणि मग मी तपासत होतो!

"काढी नाख!" शेठ गरजले. मी हात पुढे केला. "ना ना, ऊभो रहे!" शेठचा आवाज एकदम खाली आला. "शेठाणीनी बांधलीय. एकेका नवसाची एकेक."

"मग उकडू द्या."

शेठनी रुमालानं मान पुसली. "काढ. पण नीट."

"हात धुई ले," आबा म्हणाले. "अन् चप्पल काढ."

दुपारचे अडीच. डांबर रटरटत होतं. देवधर्माविरुद्ध दोन पत्रकं लिहिलेला मी, आबांच्या कॅनच्या पाण्यानं हात धुऊन, अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत पाच गाठी सोडत होतो. शेवटची सुटली. काटा सरसर उतरला. टक! कॉम्प्रेसर लागला. शेठनी आतून काच वर केली.

आता प्रश्न असा, की शेठाणीला सांगायचं कोणी? "तुम्ही ड्रायव्हरवर खोटा आळ घेतलात, हे आधी कबूल करा," मी म्हणालो. शेठ म्हणाले, "ते नंतर. आधी एने कोण कहेशे?" साऱ्या मार्केटला घाम फोडणारा माणूस मलाच विचारत होता!

सांगितलं आबांनी. बंगल्याच्या पायरीशी, टोपी हातात घेऊन. "शेठाणीबा, देवीला आम्ही धुळीत, उन्हात बाहेर बांधतो अन् स्वतः आत एसीत बसतो. हे बरं दिसतं का?"

शेठाणीनं आबांकडे बघितलं, मग शेठकडे. पुढची पाच मिनिटं जे गुजराती झालं, ते पूर्ण शेठसाठी होतं.

चुंदड्या मागच्या काचेखालच्या फळीवर बसल्या. वेवाई आले, स्टेशनवरून गारेगार घरी गेले. आबांची नोकरी राहिली. माफी कोणी मागितली नाही. त्याचा निषेध मी अजूनही नोंदवतो.

आठवड्यानं आबा गॅरेजात आले, गुडघा चोळत.

"आता काय झालं?"

"शेठाणीचा हुकूम शे. देवी गाडीत असताना एसी बंद करायचा नाही. दुपारी लिंबाखाली काच बंद, एसी चालू, अन् मी आत."

"झोपता?"

"मंग काय करू?"

ज्या गुन्ह्यासाठी माणूस कामावरून जाणार होता, तीच आता त्याची ड्यूटी होती. माझं पत्रक बाद झालं. त्या प्रुफाला मी बरेच दिवस इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी पुसत होतो.

तेव्हापासून एक नियम केला आहे. गाडी आत आली की बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरला विचारायचं, येताना काय काढून ठेवलंस?