वैनगंगेच्या वाळूतले वडे

परवा एका लग्नात पळसाच्या पानांची पत्रावळ समोर आली. तिच्यावर गरम वडा पडला आणि पानांचा तो तुरट, ओलसर वास वर आला. मी थेट सत्तर वर्षं मागे, वैनगंगेच्या वाळूत जाऊन बसले.

चामोर्शीहून सावलीला, आजोळी, आम्ही बैलबंडीनं जायचो. दुपारी नदीपाशी बंडी थांबायची. बाबांचा नियम कडक होता. आधी बैलांचं चारापाणी, मगच माणसांचं जेवण. लेकरांनाही सूट नाही. बाबा बैल घेऊन पाण्यावर उतरले की धाकटा भाऊ भुकेनं रडायला लागायचा. मग माय पळसाच्या पानांत बांधून आणलेले लाखोरीच्या डाळीचे वडे हळूच सोडायची आणि आम्हा दोघांच्या हातांवर ठेवायची.

"लवकर खा. बाबा येऊन राह्यले. त्याईले सांगू नका."

वडा गार झालेला असायचा, पण त्यातल्या लसणाची, मिरचीची चव आजही जिभेवर आहे. शेवटचा घास गिळतो न गिळतो तोच काठाखालून बाबांचा मोठा खोकला ऐकू यायचा. आम्ही तोंडं पुसून शहाण्यासारखे बसायचो.

बाबा वर यायचे. आमच्याकडे न बघताच मायला म्हणायचे, "बैलाईचं झालं. आता वाढ लेकराईले, भुकेजले असतीन."

बाबांना फसवल्याचा आनंद मला कितीतरी वर्षं पुरला.

परवा तो वडा हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. बाबांना एरवी खोकला कधीच नव्हता.